घोट्यापाशी अर्धा टाका

दि. ९ डिसेंबर

चि. बारक्यास,

आशीर्वाद. निम्मे आत्ता, उरलेले तुझं उत्तर वाचून.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतोस आणि मग मी असं कधी म्हणालो, म्हणून कानावर हात ठेवतोस. कागदावर आलं की ते जमत नाही. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून तपासून मी एवढं तरी शिकले आहे.

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. घोंगडी चांगली आहे. पण घोंगडीच्या घडीत राखाडी लोकरीचे मोजे निघाले, ते कुणाचे? माप बाबांचं आहे, म्हणजे बाबांचे. विकतचे नाहीत, हाताने विणलेले आहेत. आई गेली गेल्या हिवाळ्यात. तिने विणलेला एकूण एक मोजा मी ओळखते, आणि हे तिचे नाहीत.

कशावरून म्हणशील. आई मोजा नेहमी वरून सुरू करायची, पाय घालायच्या तोंडापासून. मग पोटरी, टाच, तळवा, आणि शेवटी बोटांपाशी उरलेले टाके दोऱ्यात ओवून आवळायची. तिथे एक बारीक गाठ यायची आणि ती मला नेहमी बोचायची. या मोज्यांना गाठच नाही. तिनेच मला शिकवलं होतं, सुलट टाका बाणाच्या टोकासारखा दिसतो, टोक जिकडे असेल तिकडून सुरुवात झाली असं समजायचं. मी भिंग लावून पाहिलं. सगळी टोकं बोटांकडे आहेत. म्हणजे हे मोजे खालून वर विणलेत. आपल्या घरात असं कुणी विणत नाही. आपल्या घरात आता कुणी विणतच नाही!

आणखी ऐक. एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. वरचं तोंड इतकं घट्ट केलंय की तुझ्या भावोजींचा पाय घोट्यापाशी अडकला आणि ते एका पायावर नाचले. ही जी कुणी बाई आहे, तिला धड विणता येत नाही. म्हणजे विणणं हा नुसता बहाणा आहे. पाणी कुठेतरी मुरतंय, बारक्या, आणि तू त्याच घरात राहतोस.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. आई माझ्यासाठी जो जोड विणत होती, त्यातला एक पुरा होऊन माझ्याकडे आला. दुसरा पोटरीपर्यंत आला आणि ती गेली. तो सुयांसकट निळ्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात आहे. तेव्हा मला तो हातात धरवला नाही. आता हवा आहे, आहे तसा, तिच्या सुयांवर. कुणी त्याला बोट लावू नये. तिने शेवटचं जे काही हातात धरलं ते तेवढंच आहे. बघ आणि कळव.

लोभ आहेच. उत्तर सरळ असेल तर वाढेल.

तुझी,
ताई


दि. १५ डिसेंबर

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. निम्मे आशीर्वाद मिळाले, तेवढ्यावर सध्या भागवतो आहे.

पत्र वाचून आधी हसलो. मोज्याच्या टाक्याला भिंग लावणारी बहीण साऱ्या जगात मला एकट्यालाच मिळाली असणार. भावोजींना सांग, नाचल्याबद्दल माझ्या वतीने माफी. ते मोजे घोंगडीत कसे गेले मला खरंच माहीत नाही. बाबा परवा घरभर काहीतरी शोधत होते, विचारलं तर चष्मा म्हणाले. चष्मा नाकावर होता.

बाबांचं म्हणशील तर खुशाल आहेत. जेवण नीट, झोप नीट. पस्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवलेला माणूस निवृत्त झाल्यावर कंटाळेल असं आपल्याला वाटायचं, तर कसलं काय. माळ्यावरून त्यांनी वर्कशॉपमधला वाकणारा दिवा काढला, पुसला, आणि मागच्या खोलीत लावला. दुपारी दार लोटून आत बसतात. मी कारखान्यात काचा घासून संध्याकाळी दमून येतो तेव्हा दार उघडलेलं असतं आणि बाबांचा चेहरा असा असतो, जणू काही झालंच नाही.

खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकते आहे. कोपऱ्यावर लोकरीचं दुकान आहे ना, जिथे आई जायची, तिथली बाई दोन-तीनदा आपल्या दारातून बाहेर पडताना दिसली. मला बघून हसली आणि भराभर निघून गेली. शेजारच्या शिंप्याने मुद्दाम मला थांबवून सांगितलं की दुपारी तुमच्याकडे हसण्याचे आवाज येतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, शिंप्याने आपल्या मशीनला तेल घालावं.

निळी पिशवी बघितली. खणात नाही. बाबांना विचारलं, तर जागेवर आहे म्हणाले. कुठल्या जागेवर ते काही सांगेनात. तू चिडशील म्हणून आधी लिहिणार नव्हतो, पण तू कागदावर पकडतेस.

लोभ असावा, संशय माझ्यावर नसावा.

तुझा,
बारक्या


दि. २० डिसेंबर

चि. बारक्यास,

आशीर्वाद पूर्ण. तू खरं लिहिलंस.

तर लोकरवाली. मला आधीच सुचायला हवं होतं! आई तिच्याकडे लोकर घ्यायला जायची तेव्हा मी दोनदा बरोबर गेले होते. ती गल्ल्यामागे बसून काहीतरी आडवं विणत होती, मोजाच, पण आडवा, टाचेकडून की कुठून ते मला कळलंच नाही. आई म्हणाली होती की हिला कुठूनही सुरू करता येतं, वरून, खालून, बाजूने. आईला तिचं कौतुक होतं. मला तेव्हाही ती फार गोड बोलते असं वाटलं होतं.

पण मग ते राखाडी मोजे इतके वाकडे का? मी रात्रभर विचार केला. ती मुद्दाम वाकडे विणते आहे. म्हणजे बाबांनी म्हणायचं की हा जरा घट्ट झाला, मग तिने म्हणायचं की आणा, उसवून देते, आणि पुन्हा यायला कारण. तुझे भावोजी म्हणाले की एवढा डाव रचायला माणूस फार हुशार लागतो. मी म्हटलं, तेच तर.

बाबांनी कुणाशी बोलू नये असं माझं म्हणणं नाही. एकटे आहेत, मला कळतं. पण वर्ष पुरं व्हायचंय. आणि आईची पिशवी खणातून गेली कशी? तिच्या हातात ती पडली असेल तर ती एका दुपारी तो मोजा उसवून लोकरीचा गुंडा करून ठेवेल. तिच्या लेखी ती लोकर आहे. माझ्या लेखी ते आईचे टाके आहेत.

एक दिवस लवकर घरी जा. काहीही कारण सांग. आत काय चाललंय ते बघ आणि मला जसंच्या तसं लिही, तुझी मखलाशी न करता.

लोभ आहे. डोळे उघडे ठेव.

तुझी,
ताई


दि. २६ डिसेंबर

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच.

काल कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं, तेव्हा कारण शोधावं लागलं नाही. मी चपला बाहेर काढून, मांजरासारखा आत शिरलो. स्वतःच्या घरात चोरासारखं शिरताना फार वाईट वाटतं, पण तुझा हुकूम होता.

मागच्या खोलीचं दार थोडं उघडं होतं. दिवा लागलेला. आईच्या वेताच्या खुर्चीत लोकरवाली बसली होती. निळी पिशवी तिच्या मांडीवर होती. आणि बाबा समोर बुटक्या स्टुलावर बसले होते, आणि ताई, आता कसं लिहू, तिचा एक पाय बाबांच्या गुडघ्यावर होता. अनवाणी. बाबा तो दोन्ही हातांत धरून त्यावर वाकले होते. दुसऱ्या पायात तिने चप्पल घातली होती, आणि ती चप्पल मला ओळखीची वाटली. मग लक्षात आलं, तुझी आहे. तू लग्नाआधी घालायचीस ती, तपकिरी, एक बंद शिवलेला.

मी मागे सरकलो तर बादलीला पाय लागला आणि सगळं घर दणाणलं. बाबांनी वर पाहिलं. पाय सोडलासुद्धा नाही! मला म्हणाले की आलाच आहेस तर चहा टाक. ती बाई मात्र लाल झाली, तोंडाला पदर लावून हसत होती, आणि चहा न घेताच गेली. जाताना पिशवी बाबांकडे दिली.

नंतर मी विचारलं. बाबा म्हणाले की वेळ आली की कळेल, आणि तुझ्या बहिणीला आत्ता काही लिहू नकोस. म्हणून लिहितो आहे.

मला काही सुचत नाही. बाबांचा राग यावा की त्यांना बरं वाटतंय याचं बरं वाटावं, तेही कळत नाही. ते आजकाल शीळ वाजवतात.

लोभ असू दे, मला त्याची आता गरज पडणार आहे.

तुझा,
बारक्या


दि. २ जानेवारी

ती. बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. लिहायची पद्धत आहे, पण विनंती काही नाही, आणि विशेष जे आहे ते तुम्हालाच ठाऊक आहे.

बारक्याला रागावू नका. मी विचारलं म्हणून त्याने सांगितलं.

तुम्ही कुणाला घरी बोलवावं हा तुमचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला चार दिवस बजावते आहे. पटत नाही, पण बजावते आहे. आईच्या खुर्चीत ती बाई बसली, तेही गिळते. माझी चप्पल तिच्या पायात कशी आणि तिचा पाय तुमच्या हातात कसा, याचं उत्तर मला ऐकायचंच नाही.

पण आईची पिशवी तिच्या मांडीवर का होती, याचं उत्तर मला हवं आहे. तो मोजा माझा आहे, बाबा. तुमचासुद्धा नाही, माझा. शेवटच्या दिवसांत तिच्या बोटांत जोर नव्हता, तरी ती म्हणायची की थोरलीचे पाय थंडीत गार पडतात. तुम्ही तिथेच होतात, तुम्ही ऐकलंत. आणि तो तुम्ही परक्या बाईच्या हाती दिलात.

येत्या रविवारी मी येते. आईची पिशवी, सुया आणि मोजा जसा होता तसा मला द्या. त्यातला एक टाका जरी उसवलेला दिसला तर त्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. हे मी रागात लिहीत नाही. लिहून फाडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

तब्येतीला जपा.

आपली मुलगी,
थोरली


दि. ५ जानेवारी

चि. सौ. थोरलीस,

अनेक आशीर्वाद, सगळे एकदम. मी हप्त्याने देत नाही.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तुझी आई असती तर म्हणाली असती की पोरगी तुमच्यावर गेली आहे, दाताला दात लावूनच बोलते. राग आला नाही असं म्हणत नाही. आला, मग चहा प्यालो, मग उतरला.

आधी तुझ्या जिवाला घोर लागलाय तो काढतो. आईचा एकही टाका उसवलेला नाही. चारही सुया होत्या तशा आहेत. लोकरवालीने पिशवी मांडीवर घेतली, पण मोज्याला तिने बोट लावलेलं नाही, मीच लावू दिलं नाही. तीही मागत नव्हती.

आता ते राखाडी मोजे. ते मी विणले. हसायचं तर हस. घट्ट झाले, एक लांब झाला, मला ठाऊक आहे, म्हणून तर ते घोंगडीत लपवून ठेवले होते आणि तुझ्या शहाण्या भावाने घोंगडीच पार्सल केली. त्याआधीचे तीन तर उसवूनच टाकले. सुया हातात धरायलाच मला महिना लागला. आयुष्यभर मेणात आणि प्लास्टरमध्ये बोटं घातली, पण लोकर फार चावट असते, धरली की निसटते.

आई गेल्यावर मी ती पिशवी उघडायचो आणि बंद करायचो. तुझा मोजा अर्धा आहे आणि तुझे पाय गार पडतात, हे मला झोपू देईना. एक दिवस ती घेऊन दुकानात गेलो, म्हटलं पुढचं मला शिकवा. लोकरवालीने तीच सुई हाती घेऊन पुढे विणा म्हटलं. मला ते होईना. तुझ्या आईच्या सुईवर तिचे टाके उभे आहेत, त्यात मी माझी सुई कशी घालू? तिचा हात बाजूला सारल्यासारखं वाटायचं. शिवाय माझ्याकडून टाका सुटला तर तिचंही भराभर सुटत गेलं असतं. मी दुकानात उभा राहून रडलो, हे बारक्याला सांगू नकोस.

तेव्हा लोकरवाली म्हणाली, मग तिच्याकडे खालून या. बोटांपासून सुरू करा, तळवा, टाच करा, आणि पोटरीपाशी तिला गाठा. मला एकदम पटलं. कवळीसुद्धा अशीच करतात. वरचा जबडा वेगळा, खालचा वेगळा, आणि मग दोन्ही समोरासमोर आणून जुळतात का बघायचं.

आणि थोरले, खालून विणण्यात गंमत आहे. बोटांपाशी जेमतेम चार-पाच टाके, टोपीच्या शेंड्याएवढं काहीतरी, आणि मग ते वाढत जातं. लोकर पुरेल का ही भीती नाही, संपेल तिथे थांबायचं. तुझी आई म्हणायची वरून विणण्यात सुख आहे, पोटरी लांबच लांब, बघायला लागत नाही, गप्पा मारता येतात, आणि टाच आली की जागं व्हायचं. आता मला दोन्हीकडचं कळतं. हे तिला सांगायला ती नाही, म्हणून लोकरवालीला सांगतो. ती ऐकते. तिच्याशी बोलून बरं वाटतं, हेही लपवत नाही. तुझा संशय निम्मा खरा असेल, निम्मा नाही. उरलेला निम्मा काय आहे हे मलाच अजून ठाऊक नाही.

पाय. खालून विणलेला मोजा मधेच पायात घालून बघता येतो, हीच तर त्याची मोठी सोय. पण पाय तुझा, आणि तू तिकडे. तुझी जुनी चप्पल काढली. बारक्याला घालायला सांगितली असती तर त्याने तुला लिहिलं असतं. लोकरवालीने घातली, तर बरोबर बसली. बोटांपासून टाचेपर्यंत तोच पाय. म्हणून टाच वळवताना तिचा पाय माझ्या गुडघ्यावर होता. तिला गुदगुल्या होतात, म्हणून शिंप्याला हसू ऐकू येतं.

मोजा आता झाला आहे, फक्त जोड उरली आहे. वरून आईचा, खालून माझा. जोडायचं तर तिच्या सुया काढाव्या लागतील. तीनदा बसलो, तीनदा उठलो. ते माझ्याच्याने होणार नाही. तू रविवारी येतेच आहेस. तू काढ.

लोभ होता तेवढाच आहे, तो कमी करायला तुझं एक पत्र पुरायचं नाही.

तुझे,
बाबा


दि. १४ जानेवारी

तुम्हाला काय म्हणून लिहावं याचा मी बराच वेळ विचार केला. श्रीमती लिहिलं तर कोर्टाच्या कागदासारखं वाटतं, मावशी लिहायला माझी जीभ अजून वळत नाही, आणि लोकरवाली तर तोंडावर म्हणता येत नाही. तेव्हा नुसताच नमस्कार.

रविवारी तुम्ही दारातच उभ्या राहिलात, आत आला नाहीत. मी या म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात होतं. मी धंद्यानेच संशयी आहे, लोकांच्या जळालेल्या गोदामात मी आधी काडेपेटी शोधते. तुमच्या बाबतीतही तेच केलं. माफी पत्राने मागायची नाही असं माझं मत आहे, ती मी समोर येऊन मागेन.

बाबा दिवा धरून बसले होते. मी पहिली सुई ओढली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं आता सगळं भराभर उसवणार. काही झालं नाही. आईचे टाके सुईशिवाय तसेच उभे राहिले, तोंडं उघडी ठेवून. बारक्या म्हणाला की बघ, आईची लोकरसुद्धा शिस्तीची आहे. मग आम्ही तिघेही रडलो, आणि तुम्ही आमच्याकडे पाठ केलीत. ते मी पाहिलं.

खालच्या टाक्यातून वरच्या टाक्यात दाभण घालत सगळा वेढा पुरा केला, तर आईच्या उभ्या रेघा आणि बाबांच्या उभ्या रेघा जुळेनात. अर्धा टाका इकडे. मला वाटलं माझं चुकलं, मी उसवायला निघाले. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. म्हणालात की वरून आलेलं आणि खालून आलेलं समोरासमोर आलं की अर्धा टाका सरकतोच, कितीही हुशार माणसाने जोडलं तरी, चूक कुणाचीच नसते. मला ते खरं वाटलं नाही. घरी येऊन दोन तुकडे विणून, जोडून पाहिले. खरं आहे.

पहिला मोजा मी वर्षभर घडी घालून ठेवला होता. आज दोन्ही घातले. एकात बोटांपाशी आईची गाठ बोचते, दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात घोट्याच्या जरा वर हात फिरवला की ती अर्ध्या टाक्याची पायरी लागते. ऑफिसात दिवसभर टेबलाखाली माझा हात तिथेच जात होता. पाय गरम होते.

आता एक सांगायचं आहे. आईची वेताची खुर्ची मागच्या डाव्या पायावर डुगडुगते. आई त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवायची. बाबांना ते कधी माहीत नव्हतं, कारण ते त्या खुर्चीत बसायचेच नाहीत. घडी कपाटामागे पडली असेल, नाहीतर नवी करा. नीट बसवल्याशिवाय त्या खुर्चीत टेकू नका, पडाल.

मला बोटांपासून सुरू करायला शिकायचं आहे. पुढच्या वेळी येईन तेव्हा शिकवा. बाबांना नका सांगू, ते शिकवायला बसतील.

लोभ असावा. माझ्याकडून तो हळूहळू येईल, पण येईल.

आपली,
थोरली

ता. क. ती तपकिरी चप्पल परत करू नका. तुमच्या पायाला बसते आहे, तर असू द्या.